धावण्याचं बटण

१८ जून २०२५

लवू,

काल संध्याकाळी तू मला तीन गोल मारलेस. तिसरा माझ्याच चुकीने झाला. चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायला गेलो आणि भलतं बटण दाबलं. चेंडू आपल्याच जाळ्यात. माझ्या टीव्हीतले प्रेक्षक ओरडले आणि मागोमाग भिंतीवरून तुझ्या टीव्हीतले ओरडले. तेव्हा कळलं की पलीकडे तू आहेस.

तोवर मला वाटत होतं, तुझा संदेशच दुबईहून खेळतोय. माझी श्रुती आणि तो भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांशी खेळायचे, म्हणून तिच्या गेमच्या मशीनवर अजून त्याचंच नाव येतं. दोघंही नोकरीला गेली. मशीनं राहिली. वाटणीच्या वेळी बाबांनी मधली भिंत आढ्यापर्यंत नेली नाही म्हणून आपण दोघांनी त्यांना नावं ठेवली होती. आता बरं वाटतं. दुबईतला आवाज काही वाशांखालून येत नाही.

आपली दोन्ही दारं एकाच ओटीवर उघडतात. हे पत्र मात्र रत्नागिरीला जाईल, शिक्का मारून घेईल आणि मग तुझ्या दारात येईल. तुझ्या फोनमधून माझा नंबर सगळ्यांसमोर काढायला लावला, हे मी ऐकलं. पण पोस्टमन वाडीतला नाही. मला वाळीत टाकायचा गावकीचा ठराव त्याला लागू होत नाही.

ठरावात नेमकं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. सांगायचं तर कोणाला तरी माझ्याशी बोलावं लागलं असतं. नम्रताने दुकानात साखर दिली नाही, तेव्हा एक कलम कळलं. शिमग्याला पालखी तुझ्या पायरीला टेकली आणि माझ्या पायरीवरून सरळ पुढे गेली, तेव्हा दुसरं. खेळाबद्दल त्यात काही नसावं. गावकीही दत्तारामशेटची आणि तू चालवतोस ती लाँचही त्यांचीच, पण एवढं त्यांना सुचलं नसणार.

पालखी गेली त्यानंतर एक दिवस मी मशीन लावलं. तोवर नुसतं पुसून ठेवत होतो. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं, एवढ्याचसाठी लावलं. खेळात एक इंग्रज सतत बोलत असतो. माझ्या माणसांची नावं घेतो. चुकलं तर हळहळतो. श्रुतीची आई गेल्यापासून या घरात माझ्यासाठी कोणी हळहळलं नव्हतं.

अंगठे दुखतात. जहाजावर अर्धं आयुष्य दोर ओढण्यात गेलं. त्या अंगठ्यांना कंट्रोलरवरची ही बोटभर काडी कळत नाही. श्रुती फोनवरून शिकवते.

"बाबा, तुमची सगळी माणसं एका रांगेत का उभी असतात?"

"मी नाही उभी केलेली. ती राहतात."

"आणि सारखे धावता कशाला? धावताना वळता येत नाही. आधी धावायचं बटण सोडा, मग वळा."

हे मी अजून शिकतो आहे.

मानबहादूरबद्दल या पत्रात लिहिणार नाही. कॉर्नरवरून तू उंच चेंडू टाकतोस, तो मला अडवता येत नाही, एवढं सांगायचं होतं.

सुहास

३ जुलै २०२५

लवू,

तू पत्र वाचलंस. त्यानंतर एकही कॉर्नर डोक्यावरून आला नाही. सगळे जमिनीवरून, जवळच्या माणसाला. मी आभार मानणार नाही. तरीही तू जिंकतोसच.

दोन महिने मासेमारी बंद, म्हणून तू रोज घरी आहेस हे माझं नशीब. काल जेटीकडे गेलो होतो. लाँची वर ओढलेल्या, ताडपत्र्या घातलेल्या. दत्तारामशेट तिथे खुर्ची टाकून बसले होते. माझ्याशी बोलायची बंदी त्यांनीच घातलेली, त्यामुळे ते जेटीवरच्या कुत्र्याशी बोलले.

"काय रे, कुनाचे काटे खाऊन मोठा झालास नि कुनावर भुंकतोस? भावावर? सख्ख्या?"

कुत्र्याने शेपूट हलवली. बाकीचे हसले. मीही हसलो असतो, पण मग ते बोलण्यात धरलं असतं.

आता तू वाचतोस, तर मानबहादूरबद्दल लिहायला हवं.

त्या सकाळी तू ओल्या कपड्यांनी माझ्या स्वयंपाकघरात आलास. तुझी रसिका मागून दूध घेऊन आली, कारण माझ्याकडचं नासलं होतं. ती चुलीत लाकडं सारत बसली आणि तू माझ्याकडे बघून बोललास. जाळं ओढताना दोर त्याच्या पायात आला आणि तो पाण्यात गेला. त्याने हाक मारली. हाक सगळ्यांनी ऐकली. तू शेटना फोन लावलास. ते म्हणाले, जाळं भरलेलं आहे, आधी जाळं घे. मागे जाळं असताना लाँच वळत नाही. वळायचं तर जाळं तोडून सोडावं लागतं. तू जाळं घेतलंस. मग वळलास. मग पाण्यात कोणी नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी त्याचं प्रेत लागलं तोवर वाडीचं ठरलं होतं की तो दारू पिऊन जेटीवरून पडला. नेपाळहून त्याचा भाऊ आला. त्याला मराठी येत नव्हतं. तो प्रत्येकाला हात जोडत होता. शेटनाही जोडले, तुलाही. तू त्याला पाणी दिलंस. ते मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांकडे गेलो.

तू मला भाऊ म्हणून सांगितलंस आणि मी ते ठाण्यात सांगितलं. याला दुसरं नाव नाही, ते मी मागतही नाही. जहाजावर माणूस पाण्यात गेला की जहाज वळतं. पाण्यात कोण आहे ते आधी विचारत नाहीत.

पोलिसांनी विचारलं, लवू बोलला तेव्हा तिथे आणखी कोण होतं? मी म्हणालो, कोणी नाही. ते म्हणाले, एकट्याच्या ऐकीव गोष्टीवर काही उभं राहत नाही, तरी न्यायाधीशांसमोर जबाब देत असाल तर तारीख घेऊ. मी म्हणालो, कळवतो. अजून कळवलेलं नाही.

शेटचा तो फोन फक्त तू सांगू शकतोस. मी सांगितलं तर तू खोटं म्हणशील आणि कायमचा खोटा होशील. तू सांगितलंस तर शिक्षा होईल, पण लाँच एकदा तरी वळेल.

सुहास

२० जुलै २०२५

लवू,

परवाचा खेळ अजून डोक्यात आहे.

माझा मधला माणूस तुझ्या माणसाला धडकून पडला. पाय धरून पडून राहिला. पंचाने शिट्टी दिली नाही. चेंडू तुझ्याकडे होता आणि पुढे फक्त माझा गोलकीपर. तू पळत गोलपाशी आलास. मी कंट्रोलर खाली ठेवला. आणि तू थांबलास. वळलास आणि चेंडू रेषेबाहेर मारलास.

मला वाटलं, चुकून गेला असेल. श्रुतीला विचारलं. ती म्हणाली, खऱ्या मैदानात असं करतात. कोणी पडलं की समोरचा चेंडू बाहेर घालवतो, त्याला उचलता यावं म्हणून. "पण बाबा, गेममध्ये कोणी नाही करत. गेममध्ये कोण कोणाला उचलतं?"

तू केलंस.

मी तुला काही विचारणार आहे. लिहून उत्तर नको. पत्र कोणाच्या हाती लागलं तर तुला त्रास होईल. न्यायाधीशांसमोर खरं सांगायची तुझी तयारी असेल, तर बुधवारी खेळ सुरू झाल्यावर पहिलाच चेंडू रेषेबाहेर मार. नसेल तर नेहमीसारखा खेळ. मी त्यावर पुन्हा काही लिहिणार नाही. आणि खेळत राहीन.

सुहास

२४ जुलै २०२५

लवू,

मिळालं.

मध्यावरून चेंडू मागे घेतलास, एकालाही न देता सरळ रेषेकडे चालत गेलास आणि बाहेर मारलास. नंतर तू मला पाच गोल मारलेस. मला एकही अडवायचा नव्हता.

आज ठाण्यात जाऊन आलो. अधिकारी नवीन आहेत. त्यांना म्हणालो, माझा जबाब थोडा थांबवा, माझा भाऊ स्वतः येणार आहे. त्यांनी विचारलं, तसं तो म्हणाला का? मी हो म्हणालो. येताना बाजारातून सुके बोंबील घेतले आणि तुझ्यासाठीही घेतले. घरी आल्यावर लक्षात आलं की देता येणार नाहीत.

श्रुतीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पोलिसांना तुम्ही तो बाहेर मारलेला चेंडू, थ्रो-इन, नाही ना सांगितलात?"

मी म्हणालो, एवढा म्हातारा झालो नाही.

लवू, हे ओझं माझ्यावरून उतरलं असं मला वाटलं, हे कबूल करतो. रात्री झोप लागली. ते तुझ्यावर गेलं हे सकाळी लक्षात आलं. वकील बघायचा असेल तर श्रुतीच्या ओळखीचे आहेत. मासेमारीची बंदी उठेपर्यंत थांबू नकोस. एकदा लाँचवर चढलास की शेट तुला सोडणार नाहीत.

सुहास

१० ऑगस्ट २०२५

रसिका,

काल नारळीपौर्णिमा झाली. आज लाँची गेल्या. मी खडकावर उभा होतो. दत्तारामशेटच्या लाँचवर सुकाणू लवूच्या हातात होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तेही मी आमच्या गुपचूप ठरलेल्यातलंच काहीतरी समजलो.

दिवे लागले तेव्हा घरी येऊन मशीन लावलं, कारण सवय. 'संदेश ऑनलाइन आहे.' भिंतीवरून शिट्टीचा आवाज आला.

मी कंट्रोलर हातात घेतला नाही. पडद्यावर तुझा माणूस मध्यावर चेंडूवर पाय ठेवून उभा होता. खूप वेळ. मग तो गेला.

ती पत्रं तुझ्यासाठी नव्हती.

लवूने एक तरी वाचलं का? ते उत्तर तू दिलंस. त्याच्या नावावर. त्या उत्तरावर मी पोलिसांना शब्द देऊन आलो. पंधरवडा उलटला. जवळजवळ दोन महिने मी रोज संध्याकाळी माझ्या भावाबरोबर बसतोय असं समजत होतो. हे तुला दत्तारामशेटनी सांगितलं का? सुहासला खेळवत ठेव, तो गप्प राहील, असं? चांगलं खेळवलंस.

वाडीत कोणीही मला तोंडावर फसवलेलं नाही. त्यासाठी बोलावं लागतं.

सुहास

१७ ऑगस्ट २०२५
(टाकायचं राहिलं)

रसिका,

तू आज परसात जे बोललीस ते मला बोललीस, हे कळण्याइतका मी शहाणा आहे. तू कोंबडीला बोललीस हे गावकीत सांगण्याइतकीही सोय तू ठेवलीस. ते सगळं इथे लिहितो, कारण उद्या मला ते माझ्या सोयीने आठवायला लागेल.

तू तांदूळ टाकत होतीस. म्हणालीस, "तांबडे, कोनी कोनाला फसवलेलं नाय. पहिलं पत्र ह्यांनी न वाचताच चुलीत घातलं. मी चिमट्यानं काढलं. त्याच्यानंतरची पोस्टमननं माझ्या हातात दिली."

मी विहिरीवर होतो. मीही तुझ्या तांबडीला विचारलं, फुटबॉल कुठे शिकलात?

"टाळेबंदीत. संदेशला जोडीदार नव्हता, श्रुती पुन्याला अडकलेली. तो म्हनाला, आई, नुसती उभी राहा गोलात. उभी राहिले. मग कंटाळा आला उभं राहायचा."

मी हसलो. तू हसली नाहीस.

मी म्हणालो, प्रश्न लवूला होता. उत्तर लवूचं नव्हतं.

तेव्हा तू तांदळाचं सूप खाली ठेवलंस. "तांबडे, त्या सकाळी चुलीशी कोन बसलेलं? ते बोलले ते मी नाय ऐकलं? भावोजींनी पोलिसांना सांगितलं, तिथे कोनी नव्हतं. त्यांनी स्वतः लिहिलंय, मी वाचलं. मी कोनी नाय?"

मी म्हणालो, तिला वाचवायला तसं सांगितलं.

"मला विचारून वाचवलंत?"

मी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. मग तू म्हणालीस, चेंडू तू तुझ्या नावाने बाहेर मारलास. संदेशच्याही नाही, लवूच्याही नाही. मानबहादूर लाँचवरून आला की तुझ्याकडे मीठ मागायचा, वहिनी म्हणायचा. त्याच्या भावाने हात जोडले तेव्हा पाणी लवूने दिलं खरं, पण भरून तू आणलं होतंस, आणि त्या तांब्याकडे तुला अजून बघवत नाही.

मी म्हणालो, तिला घर आहे. नवरा आहे. ती जबाब देऊन आली तर तिचं काय होईल?

"तांबडीला काय विचारता? तिला रोज कापायचं काढतात."

रसिका, मागच्या पत्रात लिहिलं ते चुकीचं होतं. आणि हे पत्र एवढ्यासाठी आहे की तू येऊ नकोस. मी जबाब देईन, एकटा. काही उभं राहिलं नाही तर न राहो. लवूच्या तोंडून आलं असतं तर ते त्याचं होतं. तुझ्या तोंडून आलं तर तुझ्याकडे काहीच उरणार नाही. वाळीत पडणं मला झेपलं, कारण माझ्या घरात आधीच कोणी नव्हतं.

येऊ नकोस.

सुहास

३० सप्टेंबर २०२५

रसिका,

तुझ्या माहेरचा, मंडणगडचा पत्ता श्रुतीने काढून दिला. पत्र तुझ्या भावाच्या हाती पडलं तर त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो घेतलाच पाहिजे असं नाही.

इकडचं कळवतो. दत्तारामशेटना आणि लवूला पोलिसांनी एकाच दिवशी नेलं. शेट लगेच सुटून आले. लवूला जामीन मिळायला वेळ लागला, कारण त्याच्यासाठी उभा राहणारा कोणी नव्हता. शेवटी श्रुतीच्या ओळखीचे वकील गेले. ते कोणी पाठवले हे त्याला कळू दिलेलं नाही.

लाँचच्या सुकाणूवर आता दुसरा तांडेल आहे. बायकोने जबाब दिला म्हणून गावकीने लवूलाही वाळीत टाकलं. आता हे संपूर्ण घर वाळीत आहे. वाळीतल्याने वाळीतल्याशी बोलू नये असं काही नसतं. तो तरी बोलत नाही. ओटीवर समोर आलो की तो आत जातो. या वर्षी गणपतीची आरती मी भिंतीच्या अलीकडून म्हटली होती, तू आवाज वर काढला होतास, ते मी ऐकलं. पुढच्या वर्षी पलीकडून कोण म्हणेल, माहीत नाही.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं की आधी कोणी नव्हतं म्हणालात, आता ही बाई कुठून आली? मी म्हणालो, होती. मी मोजली नव्हती. त्यांनी विचारलं, जबाबाची तारीख तिला कोणी कळवली? मी म्हणालो, मी तिच्याशी बोललेलो नाही. ते खरं आहे. तारीख मी तांबडीला सांगितली होती, विहिरीवरून, तू परसात असताना.

कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल तुला काय आठवतं माहीत नाही. माझं झाल्यावर मी बाहेर आलो तर तू व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर होतीस. मांडीवर पिशवी. तुला आत बोलावलं तेव्हाही तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बाहेर आलीस आणि पहिल्यांदा, कोंबडी नसताना, म्हणालीस, "भावोजी, इथं चहा कुठं मिळतो?"

आपण चहा प्यायलो. तू बशीत ओतून प्यायलीस. मी विचारलं, आता घरी कशी जाणार? तू पिशवी उघडून दाखवलीस. दोन साड्या, संदेशचा फोटो आणि कंट्रोलर. मी म्हणालो, हा कशाला? मशीन तर घरी आहे. तू म्हणालीस, "माझा हाय. हाताला बसलाय."

मंडणगडची गाडी लागली होती. मी खिडकीशी उभा राहिलो. गाडी सुटेपर्यंत गज धरून होतो. इतके महिने कोणाशी बोललो नव्हतो, सवय गेली होती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सोबत एक जुनं पत्र आहे. टाकायचं राहिलं होतं. आता त्याचा उपयोग नाही. तरी ते तुझं आहे.

संदेश मला फोन करून शिव्या देतो. देऊ दे. तुलाही देत असेल तर मला कळव.

भिंतीवरून आता काही येत नाही.

सुहास

१४ नोव्हेंबर २०२५

लवू,

हे तू चुलीत घालशील, आणि आता चिमट्याने काढायला कोणी नाही. तरी लिहितो. पत्र लिहायची सवय मला तुझ्यामुळे लागली.

दिवाळीच्या आधीपासून तू भिंत वाढवतो आहेस. गवंडी यायला तयार नाही, म्हणून एकटाच करतोस. खाली जांभ्याचा चिरा तासल्याचा आवाज, मग शिडी करकरते, मग तू दम घेतोस. इकडच्या बाजूला चुना आणि मातीचे गोळे पडतात. मी ते झाडून टाकतो. मी तुला थांबवणार नाही. भिंत वाटणीत दोघांची होती, पण उंचीचं काही ठरलं नव्हतं.

काल संध्याकाळी मी मशीन लावलं. रसिका गेल्यापासून रोज नुसतं लावून ठेवतो, इंग्रजाचं बोलणं ऐकायला. काल पडद्यावर आलं, 'संदेश ऑनलाइन आहे.' मला वाटलं, खरोखरच तो असेल. मग वरच्या फटीतून शिट्टी ऐकू आली. आवाज पूर्वीपेक्षा बारीक होता, दोन थर वाढलेत म्हणून.

रसिका आपला कंट्रोलर घेऊन गेली, तेव्हा तू संदेशचा जुना काढला असशील. त्याची डावी काडी सैल आहे, श्रुती सांगायची.

लवू, या वेळी मला कोणाला विचारावं लागलं नाही. तू होतास. तुझी माणसं मध्यावर गोल फिरत होती. एक जण पळत सुटला तो सरळ रेषेबाहेर गेला आणि तिथेही पळतच राहिला. जूनमध्ये मी असाच होतो. वाडीत एवढं वाईट खेळणारे आपण दोघंच.

चेंडू माझ्याकडे आला. तुझ्या गोलपर्यंत कोणी आडवं आलं नाही. तुझा गोलकीपर भलत्याच बाजूला बघत होता. मी तिथे थांबलो. तू काहीतरी दाबत होतास, एकामागून एक, ते मला भिंतीवरून ऐकू येत होतं. मी वळलो आणि चेंडू बाहेर मारला.

चेंडू आत टाकायची पाळी तुझी होती. तू टाकला नाहीस. कसा टाकायचा ते माहीत नसेल, किंवा टाकायचा नसेल. घड्याळ चालत राहिलं. इंग्रज आधी काहीबाही बोलत होता, मग त्यालाही सुचेना. वेळ संपेपर्यंत तुझा माणूस हातात चेंडू धरून रेषेवर उभा होता, आणि माझी सगळी माणसं त्याच्याकडे बघत.

खटल्याची तारीख आली की आपण दोघं एकाच आवारात असू. तू मला खोटं म्हणशील की नाही ते तुझं तू ठरव. त्याबद्दल मी भिंतीवरून काही विचारणार नाही. एकदा विचारलं, त्याचं काय झालं ते आपण बघतो आहोत.

खेळणार असशील तर एवढं लक्षात ठेव. डावी काडी चालायला. खालचं बटण पास द्यायला, रेषेवरून चेंडू आत टाकायलाही तेच. धावायचं बटण उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली आहे. ते तू धरूनच ठेवतोस. सगळे तसंच करतात. वळायचं असेल तर आधी ते सोडायचं.

दुसरं एक. वर एकच थर राहिलाय असं इकडून दिसतं. तो तुला एकट्याला जमणार नाही. शिडीवर उभं राहून चिरा वर घेता येत नाही, खालून द्यायला माणूस लागतो. परवा एक तुझ्या हातून सुटला, तो मी ऐकला. पाय वाचला एवढंच.

हाक मार. मी येऊन देतो.

दादा